बाहुलीचा नियम: एका पडलेल्या पापणीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या आत्याची उजवी पापणी उघडेना. आत्या इथेच मीरा रोडला, शांतीनगरमध्ये आमच्यापासून दोन इमारती सोडून राहते. वय साठच्या घरात, मधुमेहाला बारा वर्षं झालेली. आधी दोन दिवस भुवईच्या वर ठणकत होतं, तिला वाटलं सर्दी डोक्यात गेली. तिसऱ्या दिवशी उठली तर पापणी अर्धी खाली. बोटाने ती वर उचलून पाहिलं तर भिंतीवर दोन घड्याळं. जवळच्या दवाखान्यात टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, "बाहुली नॉर्मल आहे, शुगरमुळे झालंय, तीन महिन्यांत जाईल." वर जीवनसत्त्वांची इंजेक्शनं लिहून दिली. संध्याकाळी मी गेले, मोबाइलचा टॉर्च मारला, आणि मीही तेच म्हणाले.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. विज्ञानात एमएस्सी केलं, आता डोळ्यांच्या हालचाली मोजण्यावर पीएचडी करतेय. त्यातल्या एका प्रकरणासाठी तिसऱ्या मज्जातंतूच्या लकव्यावरचे जुने पेपर वाचत होते, त्यामुळे जिभेवर उत्तर तयार होतं. "बाहुली शाबूत म्हणजे मधुमेह, बाहुली मोठी म्हणजे रक्तवाहिनीचा फुगा" हा नियम मी १९६०च्या एका पेपरात नुकताच वाचला होता. घरी येऊन तो पुन्हा उघडला, मग त्याच्यानंतरचे उघडले, आणि झोप उडाली. त्या रात्री मी जे वाचलं ते तुम्हाला क्रमाने सांगते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर त्यातला आजाराचा भाग जितका कामाचा आहे, तितकाच एखादा नियम कसा तयार होतो आणि कुठे गळतो, तो भागही.

आधी थोडी रचना, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी तिसरी म्हणजे ऑक्युलोमोटर नर्व्ह. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात, त्यातले चार हिच्या ताब्यात. शिवाय पापणी वर उचलणारा स्नायू हिचा, आणि उजेडात बाहुली आकसवणारे बारीक धागेही हिच्यातूनच जातात. ही पूर्ण बंद पडली की पापणी मिटते, आणि आतला डोळा बाहेर आणि खाली सरकतो, कारण उरलेले दोन स्नायू चौथ्या आणि सहाव्या मज्जातंतूचे, ते आपापल्या बाजूला ओढत राहतात. बाहुली मोठी होऊन तशीच राहते.

आता तिचा रस्ता बघा. मध्य-मेंदूच्या पुढच्या बाजूने ती बाहेर पडते, दोन धमन्यांच्या फटीतून जाते, मग पोस्टेरिअर कम्युनिकेटिंग नावाच्या छोट्या धमनीला जवळजवळ चिकटून पुढे येते, कॅव्हर्नस सायनसच्या भिंतीतून सरकते आणि खोबणीच्या फटीतून डोळ्यापाशी पोहोचते. या रस्त्यात कुठेही अडथळा आला की पापणी पडते. म्हणून एका पापणीमागे साखर, गाठ, फुगा, क्षय, बुरशी, अपघात यांतलं काहीही असू शकतं. या आजाराचा सगळा इतिहास म्हणजे "नेमकं कुठे?" या एका प्रश्नाचा पाठलाग आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांकडे त्यासाठी डोळे, हातोडी आणि शवविच्छेदन एवढंच होतं. १८६३ मध्ये लंडनमधल्या हर्मन वेबर यांनी एका बाजूची पापणी पडलेली आणि विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे, अशी जोडी वर्णन केली. हे दोन्ही एकत्र घडायचं तर इजा मध्य-मेंदूतच हवी, कारण तिथेच हा मज्जातंतू आणि हातपायांकडे जाणारे धागे शेजारी असतात. पुढे बेनेडिक्ट, क्लॉड वगैरेंची नावं अशाच जोड्यांना लागली. परीक्षेत ती पाठ करावी लागतात, इथे सोडून देऊ. त्याच लंडनमध्ये सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची बाहुली पाहायची सवय लावली. कवटीच्या आत रक्त साठलं की मेंदूचा भाग सरकून तिसऱ्या मज्जातंतूवर दाबतो, आणि त्या बाजूची बाहुली मोठी होते. लोकलमधून पडलेला माणूस आजही कॅज्युअल्टीत आला की पहिल्यांदा त्याच्या दोन्ही बाहुल्यांवर टॉर्च जातो, तो या निरीक्षणामुळे.

माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते १९३७ मध्ये. २३ मार्च १९३७, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल. ४३ वर्षांचा एक माणूस, उजव्या बाजूचा तिसरा मज्जातंतू पूर्ण बंद. सर्जन वॉल्टर डँडी. मेंदूतल्या धमन्यांचं चित्र घेण्याची अँजिओग्राफी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्येच शोधली होती, पण डँडींनी अंदाज बांधला तो मुख्यतः त्या डोळ्यावरून. पापणी बंद, बाहुली मोठी, म्हणजे कॅरॉटिड धमनीवर, पोस्टेरिअर कम्युनिकेटिंगच्या फाट्यापाशी फुगा असणार. कवटी उघडली तर वाटाण्याएवढा फुगा तिथेच. त्याच्या मानेवर त्यांनी चांदीची छोटी क्लिप बसवली. मेंदूतल्या फुग्याच्या मानेला क्लिप लावून तो रक्तप्रवाहातून वेगळा करण्याची ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. पुढच्या काही महिन्यांत त्या माणसाची पापणी हळूहळू उघडली. १९३८ मध्ये डँडींनी हे छापलं.

या गोष्टीतली क्लिप सगळ्यांना आठवते. मला विचाराल तर खरी कमाल निदानाची आहे: फुगा डोळ्यांना न दिसता केवळ एका पापणीच्या आधाराने माणसाची कवटी उघडायची! पण संशोधनाच्या दृष्टीने त्यात एक सापळाही आहे. एक रुग्ण, एक बरोबर आलेला अंदाज, आणि पुढच्या पिढ्यांच्या मनात "लकवा आणि मोठी बाहुली म्हणजे फुगा" हे समीकरण पक्कं.

दुसरी बाजू मधुमेहाची. मधुमेहींना अचानक असा लकवा होतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. का, ते नव्हतं. १९५७ मध्ये ड्रेफस, हकीम आणि ॲडम्स यांनी अशा एका रुग्णाच्या मृत्यूनंतर तो मज्जातंतू कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. इजा गाभ्यात होती, कडेचे धागे बरेचसे शाबूत. मग १९६० मध्ये गोल्डस्टीन आणि कोगन यांनी मधुमेही रुग्णांच्या बाहुल्या मोजल्या: सुमारे ८० टक्क्यांत बाहुली वाचलेली. १९६४ मध्ये कर आणि हॉलोवेल यांनी दाखवलं की बाहुलीचे धागे मज्जातंतूच्या वरच्या थरात, अगदी कडेला असतात. आता सगळं जुळलं. बाहेरून फुगा दाबला तर आधी कड चेपते, म्हणून बाहुली जाते. मधुमेहात मज्जातंतूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, गाभा उपाशी राहतो, आणि कडेला बाहेरच्या रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळत असल्याने बाहुली वाचते. १९७० मध्ये ॲसबरी आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन दाखवलं की मधुमेहात मुख्यतः धाग्यांवरचं आवरण जातं, धागे फारसे तुटत नाहीत. म्हणूनच तो लकवा इतका चांगला भरून येतो.

किती सुंदर नियम! शरीररचना, सूक्ष्मदर्शक आणि रुग्ण, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवणारे. आत्याच्या डोळ्यात टॉर्च मारताना माझ्या डोक्यात हेच होतं.

पण ८० टक्के म्हणजे काय, ते नीट वाचा. मधुमेहाचा लकवा असेल तर बाहुली वाचण्याची शक्यता ८० टक्के. मला हवं होतं ते उलटं: बाहुली वाचलेली असेल तर फुगा नसण्याची शक्यता किती? ही दोन वाक्यं एकच वाटतात, आणि एमएस्सीला संख्याशास्त्राचा पेपर दिलेली मी त्या संध्याकाळी त्यात अडकले. दुसऱ्या प्रश्नासाठी फुग्याच्या रुग्णांपासून सुरुवात करावी लागते. ती १९८३ मध्ये किसेल आणि सहकाऱ्यांनी केली. त्याच फाट्यावरच्या फुग्यामुळे लकवा झालेले ५१ रुग्ण घेतले, तर सुरुवातीला ७ जणांची बाहुली शाबूत होती. सुमारे १४ टक्के. म्हणजे आत फुगा आहे, आणि टॉर्च सांगतोय सगळं ठीक. रात्री साडेबाराला मी हा आकडा वाचला.

१९८८ मध्ये जोनाथन ट्रोब यांनी या नियमाच्या "तळटीपा" लिहिल्या, आणि त्या वाचताना मला आणखी घाम फुटला. नियम लागू होतो तो लकवा पूर्ण असेल तेव्हाच: पापणी पूर्ण बंद, डोळ्याची आत-वर-खाली हालचाल पूर्ण बंद, आणि तरीही बाहुली अगदी ठणठणीत. लकवा अर्धवट असेल तर शाबूत बाहुलीला काहीच अर्थ नाही, कारण फुगा अजून सगळ्या धाग्यांपर्यंत पोहोचलेला नसेल. आत्याची पापणी अर्धी होती, डोळा आतल्या बाजूला थोडा वळत होता. नियम तिला लागूच नव्हता. दवाखान्यातही हे कोणी तपासलं नव्हतं, आणि मीही नाही. दुखण्यावरूनही काही ठरत नाही, मधुमेहात दुखतं आणि फुग्यातही दुखतं. नियम दुसऱ्या बाजूनेही गळतो. १९९८ मध्ये जेकबसन यांनी २६ मधुमेही रुग्ण काळजीपूर्वक मोजले तर १० जणांच्या दोन बाहुल्यांत फरक सापडला, बहुतेकांत थोडासाच.

आणखी एक आकडा तुमच्यासाठी. कारणांची टक्केवारी द्यायची तर लोक मेयो क्लिनिकच्या मालिका उद्धृत करतात: रकर यांचे १९५८ चे हजार रुग्ण, मग रश आणि यंग यांचे १९८१ चे हजार. त्या दुसऱ्या हजारात तिसऱ्या मज्जातंतूचे २९० होते, त्यातले जवळजवळ १४ टक्के फुग्यामुळे. २०१७ मध्ये मात्र मेयो क्लिनिक ज्या ओल्मस्टेड काउंटीत आहे तिथल्या रहिवाशांचीच नोंद छापून आली. ३७ वर्षांत १४५ रुग्ण, म्हणजे वर्षाला लाखात सुमारे ४. त्यात फुग्याचे फक्त ६ टक्के, आणि बारीक रक्तवाहिन्यांचे ४२ टक्के. गाव तेच, मग फरक का? मोठ्या हॉस्पिटलकडे अवघड रुग्ण दुरून पाठवले जातात, गावातले साधे तिथवर जातच नाहीत. शिवाय मधल्या काळात सीटी आणि एमआरआय आले, "कारण अज्ञात" हा रकाना आकसला. टक्केवारी उचलताना ती कोणत्या दारातून मोजली, हे आधी विचारा.

आणि ते दार आपल्याकडे नेलं तर काय दिसतं? ओल्मस्टेडच्या यादीत क्षय जवळजवळ नाहीच. मुंबईत तो टाळून हा विषय लिहिताच येणार नाही. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात बालरोगतज्ज्ञ पु. म. उदानी आणि मज्जाविकृतिशास्त्रज्ञ दराब दस्तूर यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत मेंदूच्या क्षयावर केलेलं काम आजही जगभर उद्धृत होतं. एकाने मुलं वॉर्डात तपासायची, दुसऱ्याने गेलेल्या मुलांचे मेंदू प्रयोगशाळेत. वाचताना जीव घाबरा होतो, पण त्यातूनच चित्र स्पष्ट झालं. क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट स्राव साठतो, आणि तिसरा मज्जातंतू जिथून बाहेर पडतो ती जागा नेमकी त्याच चिखलात. तिथल्या धमन्याही सुजून बंद पडतात. सहावा मज्जातंतू यात जास्त वेळा सापडतो, पण तिसराही सुटत नाही. म्हणून आपल्याकडे ताप, डोकेदुखी, वजन घटलेलं आणि पापणी पडलेली, असा तरुण रुग्ण आला तर पाश्चात्त्य पुस्तकातली यादी बाजूला ठेवून पाठीतलं पाणी तपासावं लागतं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडण्याआधी हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घ्यायचा. आता क्षयाची औषधं अनेक महिने, सोबत सुरुवातीला स्टिरॉइड.

कोकणातल्या वाचकांसाठी एक छोटं विषयांतर. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठला आणि दोन्ही पापण्या पडलेल्या असतील, तर मज्जातंतूचा विचार नंतर. आधी मण्यार आठवा. तिचा दंश बऱ्याचदा दिसतही नाही. तिचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतं, म्हणून दोन्ही बाजू एकदम जातात आणि पुढे श्वास थांबतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशासाठी प्रसिद्ध आहेत, पण मण्यार आणि नागाच्या दंशावरही त्यांनी ग्रामीण दवाखान्यातून लिहिलं आहे.

आणि मग २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा, पापणी पडणं आणि डोळा न हलणं ही लक्षणं पहिल्यांदाच वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. अनियंत्रित साखर, त्यात स्टिरॉइडचे डोस. बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून खोबणीत आणि कॅव्हर्नस सायनसपर्यंत. तिथे तिसरा, चौथा, सहावा, सगळेच एकत्र अडकतात. ॲम्फोटेरिसिन-बी आणि मेलेला भाग कापून काढणं, दोन्ही लागतं, आणि त्या मे महिन्यात औषधासाठी लोक शहरभर फिरत होते. केंद्राने राज्यांना हा आजार ज्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला, तो १८९७ चा. मुंबईच्या प्लेगसाठी केलेला. मधुमेही माणसाची पापणी पडली की "शुगर आहे, जाईल" म्हणणं किती धोक्याचं, हे आपल्याला त्या उन्हाळ्यात कळायला हवं होतं.

उपचारांचं म्हणाल तर ते कारणावर ठरतात, आणि म्हणून आधी चित्र. आज सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत लकवा करू शकेल एवढा फुगा, चांगल्या नजरेने पाहिला तर, सहसा सुटत नाही. फुगा असेल तर घाई, कारण तो फुटला तर मेंदूत रक्तस्राव. डँडींची क्लिप सुधारून आजही वापरतात. १९९० च्या दशकात गुग्लिएल्मी यांच्या तारेच्या कॉइल आल्या. जांघेतून नळी घालून फुगा आतून भरतात, कवटी उघडावी लागत नाही. बारीक रक्तवाहिन्यांचा लकवा असेल तर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचे आणि थांबायचं. बहुतेकांचा तीन महिन्यांत भरून येतो. तीन महिन्यांनंतरही तसाच असेल, तर पुन्हा शोध. बरा होताना डोळा आत वळवला की पापणी आपोआप वर जाते असं दिसलं, तर धागे तुटून चुकीच्या स्नायूला जोडले गेलेत. असं मार किंवा दाबामुळे होतं, मधुमेहामुळे नाही. तेव्हा ते दिसलं तर "शुगर" हे निदान मागे घ्यायचं.

थांबण्याच्या काळात दोन दिसण्याचा त्रास मात्र खरा असतो. चष्म्याच्या एका काचेला चिकटपट्टी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, प्रिझमही मिळतं. कायम राहिलेल्या तिरळेपणाची शस्त्रक्रिया निदान सहा महिने डोळा स्थिर राहिल्यावरच. पापणी उचलण्याची त्यानंतर, आणि जपून: या रुग्णांचा डोळा मिटताना वर वळत नाही, पापणी फार उचलली तर बुबुळ उघडं पडून कोरडं होतं. पडलेली पापणी दोन दिसणं झाकत असते, हेही लक्षात घ्यावं लागतं.

तर त्या रात्री एक वाजता मी आत्याला फोन केला नाही. साडेपाचला केला. "आत्या, आवर. मुंबईला जायचंय." ती म्हणाली, "अगं, काल तर तू म्हणालीस काही नाही म्हणून." मला काय बोलावं सुचेना. ६:२० च्या लोकलमध्ये लेडीज डब्यात तिला कशीबशी खिडकी मिळाली. ती एका हाताने उजवा डोळा झाकून बसली होती आणि मी बोरिवलीपासून दादरपर्यंत तिची बाहुली बघत होते, प्रत्येक बोगी हलली की मोठी झाल्यासारखी वाटायची.

अँजिओग्राफी स्वच्छ आली. लकवा मधुमेहाचाच होता. म्हणजे दवाखान्याचं बरोबर होतं, माझंही बरोबर होतं, आणि त्या संध्याकाळी आम्हा दोघांकडेही ते बरोबर असण्याचं कारण नव्हतं. माझ्या प्रकरणात आता गोल्डस्टीन-कोगनच्या रांगेखाली किसेल आणि ट्रोब यांच्या दोन रांगा आहेत, आणि "लकवा पूर्ण की अर्धवट" असा एक रकाना, जो आधी नव्हता.

आत्याची साखर सांभाळायला तीन महिने लागले. चष्म्यावरची पट्टी तिने स्वतःच कापून आणली, नातवाच्या वहीच्या कव्हरातून. अकराव्या आठवड्यात तिचा फोन आला, स्टेशनवरून. इंडिकेटरवर एकच विरार दिसतेय म्हणाली, आणि ती पण दहा मिनिटं उशिरा.